कच्च्या रंगाचं कुंकू

हळद शिजवायच्या दिवसांत झुलालच्या अंगाची एकही जागा तिच्या मूळ रंगावर राहत नसे. बनियन पिवळी, धोतर पिवळं, कानाच्या पाळ्या पिवळ्या, आणि मिशी तर अशी की चोपड्याच्या बाजारात अनोळखी माणूसही विचारी, आबा, यंदा हळद किती लावली. यंदाही तेच चाललं होतं. नाल्याकाठच्या वावरात मोठी कढई चुलवणावर चढली होती. सातपुड्यातून कामाला आलेल्या पावरा बाया ओल्या हळदीच्या टोपल्या कढईत रिकाम्या करत होत्या, वर झाकलेल्या गोणपाटातून वाफ निघत होती, आणि ही कढई भाड्याने देणारा समाधान एका बाजूला उकिडवा बसून सगळ्यांना अक्कल शिकवत होता. त्याला दुसरं काही काम नव्हतं.

झुलाल बांधावर टेकला आणि त्याने तंबाखू काढली. डाव्या तळहातावर चिमूट, तिच्यावर नखाने चुना, आणि वरून अंगठा. दोन-चार वेळा घोटल्यावर तळहात लालभडक झाला. यात नवीन काहीच नव्हतं. हळदीच्या हाताला चुना लागला की तो लाल होतो, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं आणि जन्मभर तो हात धोतराला पुसून मोकळा झाला होता. आज मात्र त्याने पुसला नाही. तंबाखू तोंडात टाकायचीही विसरून तो तळहाताकडे बघत राहिला. समाधानने विचारलंसुद्धा, की आबा, हातावरची रेषा बदलली की काय.

त्याला कारण सकाळचं होतं. सकाळी भाकरी थापता थापता भागाबाई सहज बोलावं तसं म्हणाली होती, "दिपमालानी हयदले मी कोठीमा बससू. कोठीवर बी कोनी जोयजेच ना."

झुलालच्या हातातला घास तसाच राहिला होता. दिपमाला म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, रुपचंदची मुलगी. पण हे झालं सांगण्यापुरतं. ती जन्मली तेव्हा तिची आई कोकिळा आजारी पडली ती वर्षभर अंथरुणाला खिळली, आणि तान्ही पोर मधली भिंत ओलांडून भागाबाईच्या मांडीवर आली. कोकिळा बरी झाली तरी पोर काही परत गेली नाही. जेवायला इकडे, झोपायला इकडे, रुसायला फक्त तिकडे. झुलाल-भागाबाईला स्वतःचं मूल नव्हतं, आणि दिपमाला 'मोठी माय' म्हणून हाक मारायला लागल्यापासून त्यांनी त्याची कुणाजवळ वाच्यताही केली नव्हती. आता त्या पोरीचं लग्न शिरपूरकडच्या मुलाशी ठरलं होतं. पाच सवाशिणींनी मांडवात हळद कुटायची, तर पहिलं मुसळ कुणी उचलायचं हा प्रश्न कुणाला पडायलाच नको होता. आणि भागाबाई म्हणत होती, मी कोठीत, लग्नाच्या सामानाच्या खोलीत, बसते.

घोडं अडलं होतं ते तिच्या कपाळापाशी. दोन-तीन वर्षं झाली असतील, तिच्या कपाळाला आधी खाज सुटली, मग कातडी लाल होऊन सोलली, आणि शेवटी दोन भुवयांच्या मध्ये रुपयाएवढा पांढरा डाग राहून गेला. चोपड्याच्या डॉक्टरने नीट पाहून सांगितलं, हे कोड नाही. बाजारच्या कुंकवातल्या रसायनाने आणि टिकलीच्या डिंकाने कातडी जळली आहे, तेव्हा पुडीतलं काही आता कपाळाला लावू नका. तरी तिने पुडीवर हळदीचं चित्र असलेलं एक कुंकू लावून पाहिलं. रात्रभर कपाळ चुलीसारखं तापलं, आणि तिने कानाला खडा लावला. नुसती हळद लावली तर डाग झाकायच्या ऐवजी उठून दिसे.

डॉक्टरने सांगितलं ते खरं, पण डॉक्टर चोपड्यात आणि बाया गावात. नवरा धडधाकट असताना बाई मोकळ्या कपाळाने हिंडते म्हटल्यावर पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं कोड, कुणी म्हणालं देवीचा कोप. भागाबाईने कुणाशी वाद घातला नाही. तिने पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला आणि हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला जाणं एकेक करून बंद केलं. एरवी गावातल्या कुठल्याही मांडवात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

आणि आता कोकिळा येऊन गेली होती. कोकिळा वाईट बाई नव्हती. ती शेवेचा डबा घेऊन आली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता किल्ली पुढे ठेवून म्हणाली, अक्का, कोठीची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला माझं मन होत नाही, तुम्हीच कोठी सांभाळाल का? दोघींनाही कळत होतं की किल्ली कुणाच्याही हातात दिली तरी चाललं असतं. हळदीच्या दिवशी शिरपूरच्या बाया नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन येणार होत्या. त्यांनी डाग पाहिला, त्यांच्या मनात कोड आलं, ते घराण्यात आहे असं कुणी म्हणालं, की भोगायचं कुणी, तर दिपमालाने.

झुलाल तेव्हाच भावाच्या दारात जाऊन तमाशा करणार होता. भागाबाईने त्याला अडवलं. "तिन्हं काय चुकनं?" ती म्हणाली. "पोर मनी बी शे ना. तिन्हा सुखमा मीच आडवी जाऊ का?"

मग तो तसाच वावरात निघून आला. त्याला राग धरता येई, पण उत्तर वेळेवर कधी सुचत नसे. आता बांधावर बसून तो लाल तळहाताकडे बघत होता, आणि त्याला वाटत होतं, उत्तर सापडलं.

त्या दिवसापासून झुलाल चोरून कुंकू करायला लागला. साठी ओलांडलेला, केळीच्या घडांनी खांदे पडलेला माणूस. जन्मात त्याने कधी चहाची कपबशी विसळली नव्हती. आता त्याने घरातला खलबत्ता पळवून गोठ्यात नेला. वर्षाच्या ठेवणीतली वाळलेली हळकुंडं काढली आणि गाई बघत असताना कुटायला बसला. हळकुंड म्हणजे दगडच. पहिल्याच दिवशी एक तुकडा उडून त्याच्या भुवईवर बसला आणि टेंगूळ आलं. भागाबाईने विचारलं तेव्हा त्याने गाईवर ढकललं. ती बिचारी त्या गाईवर दोन दिवस रागावून होती.

पूड तयार झाली, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून झाली, मग चुन्याचं पाणी. पहिल्या वेळी चुना जास्त झाला. रंग सुरेख आला पण हाताला चिरचिरायला लागलं, तेव्हा तो घाणा त्याने उकिरड्यात पुरला. दुसऱ्या वेळी भीतीने चुना कमी घातला, तर विटेच्या भुग्यासारखं काहीतरी झालं. माप असं त्याच्याजवळ काही नव्हतंच. तंबाखू मळताना हात जेवढा चुना आपसूक घेतो, तेवढाच घ्यायचा, असं त्याने शेवटी ठरवलं आणि पूड चिमटीचिमटीने तळहातावर मळायला सुरुवात केली. आधी चिमूट हळद, मग नखावर चुना, मग अंगठा. दिवसभर कढईपाशी, आणि दिवे लागायच्या आधी तासभर गोठ्यात हे मळणं. असं करता करता हात खांद्यापासून भरून येई, पण वाटीत लाल ढीग वाढत होता. त्याने तो सावलीत सुकवला आणि वरून तुपाचा एक थेंब सोडून पुन्हा मळला. आता ते कुंकवासारखं दिसत होतं. दिसत होतं काय, कुंकूच होतं.

पण भागाबाईच्या कपाळाला लावायचं तर आधी खात्री हवी. त्याने ते स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. काही झालं नाही. मग त्याला वाटलं, आपल्या दंडाची कातडी म्हणजे बैलाचं कातडं, तिला काय कळणार. म्हणून तो कपाळाला लावून हिंडू लागला. एवढा मोठा लाल टिळा बघून गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं झुलालआबाने माळ घेतली, कुणी म्हणालं आता अंगात येणार. समाधानने तर कढईपाशी सगळ्या बायांसमोर विचारलं, "आबा, कुकूनं दुकान टाकी राहिनात का काय?"

बाया हसल्या. झुलालही हसला, कारण कपाळाला खाज सुटत नव्हती. दुपारपर्यंत तो टिळा लाल राहत नसे, हे खरं. पण त्या दिवसांत त्याच्या अंगावर पिवळ्याशिवाय काहीच दिसत नव्हतं, घाम पुसायचा पंचाही पिवळा, तेव्हा हात लागून पुसलं गेलं असेल असं तो धरून चालला. तो एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन होता, आणि ती म्हणजे खाज. रंगाकडे त्याने पाहिलंच नाही.

एका संध्याकाळी त्याने वाटी धोतराच्या सोग्यात लपवून घरात आणली. भागाबाई वरण फोडणीला टाकत होती.

"हाई काय शे?"

"कुकू."

"कोनी आनं?"

"आनं नही. कयं."

"कोनी कयं?"

"मी."

भागाबाईने वाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या बोटांकडे, त्याच्या भुवईवरच्या टेंगळाकडे, आणि तिच्या एकेक गोष्ट लक्षात येत गेली. खलबत्ता कुठे गेला, गाय का मारकी झाली, गाव आठ दिवस कशाला हसत होतं. ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वरण करपायला लागलं तेव्हा झुलालनेच गॅस बंद केला, आणि तेही त्याला दोन वेळा फिरवून जमलं.

"तुम्हले काय याड लागनं का?" ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

तो म्हणाला, लागलं तर लागलं, मनगटाला लावून बघ. तिने लावलं. रात्रभर दोघंही जागेच होते, मध्येच तो विचारी, खाजतं का, आणि ती म्हणे, नाही. सकाळी मनगट स्वच्छ होतं. पण कपाळाला लावायला ती तयार होईना. आता नको, वाटीत आहेच केवढंसं, हळदीच्या दिवशीच लावीन, ती म्हणाली. पहिल्यांदा लावायचं ते पोरीसाठी. वाटी तिने देव्हाऱ्यात ठेवली. त्या दिवसापासून ती चालताना पाय जरा जोरात टाकायला लागली, आणि कोकिळाला तिने कोठीची किल्ली परत पाठवून दिली.

वैशाखात लग्न. ऊन असं की अंगणातल्या पत्र्याला हात लावला तर फोड यावा. रुपचंदच्या दारात हिरव्या कापडाचा मांडव पडला होता आणि कापडाखाली सगळी हवा कोंडून राहिली होती. हळदीच्या दिवशी सकाळी भागाबाई नवं लुगडं नेसून झुलालसमोर उभी राहिली. तिने वाटी त्याच्या हातात दिली आणि डोळे मिटले. लग्नाच्या दिवसानंतर झुलालने तिच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं.  गोल काही नीट आला नाही, एका बाजूला जरा फुगला, पण डाग पूर्ण झाकला गेला. तिने आरशात पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आणि पदर डोक्यावरून मागे खांद्यावर सरकवून ती बाहेर निघाली.

तिला तशी येताना पाहून मांडवातल्या बाया बोलायच्या थांबल्या. कोकिळा पुढे आली, तिने मोठ्या जावेच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. लाज आणि आनंद एकाच वेळी झाले म्हणजे माणूस जसा रडवेला दिसतो तशी ती दिसली. तिने आंब्याची डहाळी बांधलेलं मुसळ भागाबाईच्या हातात दिलं. पाटावर बसलेल्या दिपमालाने मोठी माय म्हणून एकदाच हाक मारली.

झुलाल पुरुषांच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. आलेल्यांना पाणी द्यायचं काम त्याने मागून घेतलं होतं, कारण तिथून उखळ दिसत होतं. भागाबाईने मुसळ उचललं, गाणं उचललं, आणि बंद पडलेला तिचा आवाज मांडवभर झाला. झुलाल ज्याला त्याला दोन-दोन पेले पाणी देत होता आणि कुणी काय बोललं ते त्याला ऐकू येत नव्हतं. इतका आनंद त्याला फार दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात वाजंत्री वाजली आणि शिरपूरच्या बाया आल्या. नवऱ्या मुलाची आई पुढे, तिच्यामागे आत्या, मावशा, उष्ट्या हळदीचं ताट. त्यांना पाणी झालं, पाय धुणं झालं, सतरंजीवर बसणं झालं. भागाबाईचं मुसळ चालूच होतं. आणि मग झुलालने पाहिलं. तिच्या कपाळावरचा घाम कुंकवात उतरला होता आणि कुंकू कडेकडेने पिवळं पडत होतं. आधी कड, मग मध्य. लाल रंग जणू कुणी आतून शोषून घेत होतं. एक पिवळा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. तिच्या हळदीने माखलेल्या हातांना आणि घामाने भरलेल्या डोळ्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ती गात होती.

झुलालच्या तोंडचं पाणी पळालं. बायांच्या गराड्यात जाता येईना. त्याने लांबून हात केला, खाकरला, शेवटी पेला खाली पाडला. पेला घरंगळत गेला आणि सगळ्यांनी पेल्याकडे पाहिलं, भागाबाईने सोडून.

सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्या आत्याने मात्र पाहायचं ते पाहिलं होतं. "हाई काय वं बाई," ती म्हणाली, "यास्नं कुकू पिवयं कसं काय व्हई गयं? आनि खाले पांढरं काय शे?"

गाणं थांबलं. दिपमालाच्या मागे उभी असलेली कोकिळा पांढरीफटक पडली. झुलालला वाटलं, आपण हे काय करून बसलो. कोठीत सुखाने बसली असती बाई. आपण तिला ओढून चारचौघांत आणून उभं केलं, आणि वर पोरीच्या सासरच्यांसमोर. त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

भागाबाईने मुसळ खाली ठेवलं. बोट कपाळाला लावून पाहिलं, बोटाकडे पाहिलं. तिला कळलं. क्षणभर तिचा हात पदराकडे गेला, तो भुवयांपर्यंत ओढून घ्यायची इतक्या दिवसांची सवय होती. पण तिने पदराचं टोक तेवढं घेतलं, शेजारच्या तांब्यात बुडवलं आणि कपाळ पुसून काढलं. सगळं पुसलं. दोन भुवयांच्या मधला पांढरा डाग उघडा झाला.

"दखी ल्या," ती नवऱ्या मुलाच्या आईसमोर जाऊन बसली आणि म्हणाली. "नीट दखी ल्या. हाई कोड नही. बजारना कुकूघाई कातडं बयनं, डॉक्टरनी सांगेल शे. तरी मनमा काही व्हई ते आते इचारा, माले इचारा. मांगून मनी पोरले इचारू नका."

 वाजंत्रीवालासुद्धा पिपाणी मांडीवर ठेवून बघत होता. नवऱ्या मुलाची आई अंगाने जाड, बोलायला तुटक बाई होती. तिने भागाबाईची हनुवटी धरून कपाळ उजेडाकडे वळवलं आणि अंगठा डागावरून फिरवला.

"खाजस का?"

"पहिले खाजे. आते नही."

"मनी धाकली बहीनले असंच व्हयनं," ती बाई म्हणाली. "टिकलीघाई. तिन्हा सासरमा तिले येगळं ताट दिधं व्हतं."  हनुवटी अजून तिने सोडली नव्हती. "आनि जे वाही गयं ते काय व्हतं?"

"ते आमना घरना मानसानी कयं व्हतं," भागाबाई म्हणाली. "हयदमा चुना घाली. पक्कं जमनं नही त्यास्ले."

यावर आधी ती बाई हसली. मग आत्या हसली. मग सगळा मांडव पाण्याच्या टाकीकडे वळून हसायला लागला, आणि झुलाल हातात रिकामा पेला घेऊन हसावं की पळावं अशा पेचात उभा राहिला. नवऱ्या मुलाच्या आईने पदर खोचला, सरका बरं जराशा, असं म्हणून उखळापाशी बसली आणि दुसरं मुसळ उचललं. सासरकडच्या बाईने नवरीची हळद कुटायची रीत नव्हती. कुणी तसं म्हणालंही, पण तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन मुसळं एकाआड एक पडायला लागली. दिपमाला पाटावर बसून मोठ्याने रडत होती आणि तिला कुणी गप्प करत नव्हतं.

झुलाल मात्र गोठ्यात जाऊन बसला. झालं ते चांगलं झालं हे त्याला समजत होतं, पण ते त्याच्या कुंकवाने झालं नव्हतं. त्याच्या कुंकवाने घात केला होता, आणि निभावलं तिने. तिथे त्याला रहिमाबीने शोधून काढलं. रहिमाबी चोपड्याची, बांगड्या भरायला गावोगाव फिरणारी. या घरातल्या तीन पिढ्यांच्या मनगटांची जाडी तिला ठाऊक होती. ती टोपली टेकवून बसली आणि म्हणाली, आबा, तोंड पाडायला काय झालं, चुन्याचा रंग कच्चाच असतो, घाम लागला की गेला. हळदीला टाकणखार, सोनार वापरतात तो, लागतो आणि लिंबाचा रस लागतो. अख्खी हळकुंडं त्यात भिजत टाकायची, आतपर्यंत लाल झाली की सावलीत वाळवून मग कुटायची. तिच्या माहेरी शेजारच्या बाया असंच करत. मग घाम येवो की पाऊस, रंग हलत नाही. पुढच्या फेरीला टाकणखार मीच घेऊन येते, ती म्हणाली, आणि झुलालचा जीव भांड्यात पडला.

लग्न झालं. वऱ्हाड शिरपूरला गेलं. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, आणि दोन दिवसांनी भागाबाईच्या घरात एवढी शांतता झाली की रात्री घड्याळाचा आवाज येऊ लागला. ती दोनाऐवजी तीन ताटं घेई आणि एक परत ठेवी. दिवसा झुलाल वावरात. सूर्य उगवायच्या आत तो निघे आणि अंधार पडल्यावर येई, दुपारची भाकर बांधावरच खाई. त्याच्या स्वतःच्या लग्नापासून हे असंच चालत आलं होतं. दुपारी घर कसं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. आतापर्यंत ते माहीत असायची गरजही पडली नव्हती, कारण दुपारी घरात दिपमाला असे.

रहिमाबी शब्दाला जागली. तिने टाकणखाराची पुडी वावरात आणून दिली. झुलाल त्या संध्याकाळी घाईघाईने घरी आला, लिंबं घेऊनच आला. त्याने भागाबाईला सगळी कृती सांगितली आणि म्हणाला, आता बघ, असं पक्कं कुंकू करतो की कुणाची बोलायची छाती होणार नाही.

ती गहू निवडत होती. देव्हाऱ्यातल्या वाटीत जुनं कुंकू अजून उरलं होतं आणि रोज सकाळी ती त्याच्यासमोर येऊन बसे, तो बोट लावी. पदर आता खांद्यावरच असे. पिवळं पडलं की ती पुसून टाकी आणि मोकळ्या कपाळाने पाण्याला, गिरणीला, कुठेही जाई.

"ते पक्कं कुकू," तिने विचारलं, "कधी उडस?"

"उडतच नही. सकायले लाव, रातलोंग तसंच."

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मंग नको."

"काब्र?"

"हाई शे तेच ऱ्हाऊ द्या." ती सुपात बघत म्हणाली. "हाई दुपारले उडी जास. दुपारले परत लावनं पडी. एकलीले माले गोल जमत नही."  गहू निवडून संपले होते तरी तिची बोटं सुपात फिरत होती. "तुम्ही येशात ना दुपारले घर?"

 झुलालने टाकणखाराची पुडी फळीवर ठेवून दिली आणि लिंबं पाण्यात पिळली. दोघांनी सरबत घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा समाधान वडाखाली मोटारसायकल लावून पडला होता. त्याने पाहिलं, की झुलालआबा केळीचं पाणी अर्धवट सोडून, डोक्यावर पंचा घेऊन, भर उन्हात झपाझप गावाकडे निघाला आहे. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याने उठून बसत विचारलं, आबा, काय विसरलात घरी?

"काही नही," झुलाल न थांबता म्हणाला. "तिन्हं कुकू उडी गयं व्हई."